सीटबेल्ट झटक्यात ओढला की अडकतो, हा बिघाड आहे का?
नाही, तो तसाच बनवलेला असतो. पट्ट्याच्या रिळापाशी बहुतेक गाड्यांत दोन यंत्रणा असतात. एकीत छोट्या वाटीत पोलादी गोळी असते. करकचून ब्रेक लागला की ती पुढे सरकते, वरची खिटी उचलली जाते आणि दातेरी चाकात अडकते. रीळ पट्ट्याच्या झटक्याने वेगात फिरलं की दुसरी लागू होते. तुमचा पट्टा अडकतो तो हिच्यामुळे. उतारावर उभ्या गाडीत गोळीच कलते, म्हणून तिथेही पट्टा हट्ट करतो. थोडा आत सोडा, मग सावकाश ओढा.

तीन ठिकाणी धरणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला, आणि कंपनीने पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

पट्टा झटक्यालाही अडकत नसेल, तर मात्र आजच वर्कशॉप गाठा.