अमेरिकेत एखाद्या राज्याच्या गव्हर्नरचा पदावर असताना खून झाला आहे का?

हो, पण एकाचाच: केंटकीचे विल्यम गोबेल. तेही धड पदावर होते का, हाच वाद होता.

१८९९ च्या निवडणुकीत रिपब्लिकन विल्यम टेलर २,३८३ मतांनी जिंकले. गोबेल डेमोक्रॅट, रेल्वे कंपनीचे कट्टर विरोधक. गंमत म्हणजे निकाल तपासणारं मंडळ गोबेल यांनीच रेटलेल्या कायद्यातून आलेलं, त्यातले तिघंही त्यांच्याच पक्षाचे. तरी दोन विरुद्ध एक असा कौल टेलर यांच्या बाजूने गेला. टेलर यांनी डिसेंबरात शपथही घेतली.

मग प्रकरण विधिमंडळात गेलं. तिथे बहुमत डेमोक्रॅट्सचं. ३० जानेवारी १९०० ला केंटकीच्या राजधानीत, फ्रँकफर्टमध्ये, विधिमंडळाकडे जाताना गोबेल यांच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्याच दिवशी त्यांना विजयी ठरवून बिछान्यातच शपथ दिली; ३ फेब्रुवारीला ते वारले. त्यांचे उपगव्हर्नर बेकहॅम गादीवर आले. टेलरही हटेनात, त्यामुळे काही काळ राज्याला दोन सरकारं होती! मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला आणि टेलर इंडियानाला पळाले. मारेकरी नेमका कोण, यावर आजही एकमत नाही.