ऊर्जा जुळली, तरी लंबक का चुकला?

प्रश्न : महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही सोलापूरच्या अक्षांशावरच्या (सुमारे १७.७°) फुको लंबकाचा, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे ज्याच्या झोक्याचं प्रतल हळूहळू फिरतं त्या लंबकाचा, प्रोग्राम लिहिला आहे. दोरी ९.८ मीटर, झोके लहान, पद्धत लीपफ्रॉग (अर्धा धक्का, म्हणजे बलाने वेग अर्ध्या पायरीपुरता बदलणं; सरक, म्हणजे स्थान पूर्ण पायरीपुरतं बदलणं; पुन्हा अर्धा धक्का), वेळेची पायरी ०.१ सेकंद. तासाभरानंतरही ऊर्जा पाव टक्क्याच्या आत राहते आणि झोक्याचं प्रतल अपेक्षेप्रमाणे ४.६° फिरतं. पण सूत्रानुसार गोळा टोकाला हवा तेव्हा प्रोग्राममध्ये तो मध्याजवळ असतो. दर पायरीला वेग किंचित बदलून ऊर्जा अचूक केली तर भागेल का?
– एम.एस्सी.चे विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : नाही. ऊर्जेचा आलेख सरळ होईल, पण चूक जाणार नाही. शिवाय पद्धतीची जपलेली रचना मोडेल. चूक कलेत, म्हणजे गोळा आवर्तनात कुठवर पोहोचला हे सांगणाऱ्या कोनात, आहे. लीपफ्रॉग खरी ऊर्जा जपत नाही, तिच्या अगदी जवळची, थोडी बदललेली ऊर्जा जपतो. म्हणून खरी ऊर्जा ठरावीक पट्ट्यात वरखाली होते, वाहवत जात नाही. पण त्या बदललेल्या लंबकाचा झोका जरा जलद असतो. तुमच्या दोरीला कोनीय वेग सेकंदाला १ रेडियन येतो. त्यात पायरीच्या वर्गाच्या चोविसाव्या भागाइतकी, म्हणजे २४०० त १, वाढ होते. तासाला ३६०० रेडियन, म्हणून कला १.५ रेडियन, सुमारे ८६°, पुढे गेली. पाव आवर्तन ९०° चं असतं, म्हणूनच गोळा टोकाऐवजी मध्याजवळ दिसतो.

प्रतलाच्या कसोटीवर तर इथे मुळीच विसंबू नका. कोरिऑलिस बलासाठी (पृथ्वी फिरते म्हणून गोळ्याला बाजूला वळवणाऱ्या बलासाठी) वेग नेमक्या कोनातून फिरवला, की लहान झोक्यांत प्रतलाची गती ०.१ च्या पायरीला अचूक येते आणि १ सेकंदाच्या पायरीलाही. जी कसोटी नापास होऊच शकत नाही, तिच्यातून चूक कळणार कशी?

सूत्र हाताशी नसेल तेव्हा तोच प्रोग्राम ०.०५ च्या पायरीने पुन्हा चालवा. गोळा मध्य ओलांडतो ते क्षण शेजारच्या दोन बिंदूंमधून रेषा काढून मिळवा आणि ओलांडण्यांची संख्या धरून एकूण कला काढा. नुसती स्थानं वजा करू नका. कला पूर्ण आवर्तनाने चुकली तर स्थान पुन्हा जुळलेलं दिसतं. दोन धावांतला फरक सुमारे १.१२७ रेडियन येईल. पद्धत दुसऱ्या घाताची असल्याने (पायरी निम्मी केली की चूक चौथाई होते) त्याचा तिसरा भाग, सुमारे ०.३७५, ही ०.०५ च्या धावेत उरलेली चूक. ती त्या धावेच्या कलेतून वजा करा. ०.०२५ ची तिसरी धावही घ्याच: लागोपाठच्या फरकांचं गुणोत्तर ४ च्या आसपास नसेल, तर पायरी फार मोठी आहे किंवा प्रोग्राममध्ये चूक आहे. ही दुरुस्त कला फक्त छापायची. ती पुढच्या पायरीची सुरुवात म्हणून वापरली, तर जपलेलं सगळं गेलं.

चूक मुळातच कमी करायची असेल, तर परतवणाऱ्या बलाला (१ – पायरीचा वर्ग ÷ १२), म्हणजे ०.९९९१६६७, या संख्येने गुणा. तासाची चूक १.५ वरून सुमारे ०.०००५ रेडियनवर येते. त्याच वेळी ऊर्जेची वरखाली ०.२५ वरून ०.३३ टक्क्यांवर जाते. ऊर्जा बिघडली आणि स्थान सुधारलं, हे प्रदर्शनात शेजारी शेजारी जरूर दाखवा.

मोठ्या झोक्यांना हा गुणक चालत नाही. तिथे एका पायरीचे १.३५१२, –१.७०२४ आणि १.३५१२ पट असे तीन लीपफ्रॉग लागोपाठ घ्या. पद्धत चौथ्या घाताची होते, बल मात्र तिप्पट वेळा काढावं लागतं. मधली पायरी उलटी जाते, ते बरोबरच आहे. पायरी चालू धावेत बदलू नका. त्या त्या पायरीतल्या चुकीवरून ती लहानमोठी केली की ऊर्जा वाहवू लागते.