पावसाळ्यात घरच्या सर्व्हरमधली एकच डिस्क वारंवार बाद होते. दोष डिस्कचा की केबलचा?

तुमच्या प्रश्नातून मला समजलेली परिस्थिती आधी मांडतो. वेंगुर्ल्यात समुद्राला लागून असलेल्या घरी, पडवीशेजारच्या खोलीत, एका जुन्या डेस्कटॉपवर तुम्ही प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार डिस्कांचा झेडएफएस (अनेक डिस्का एकत्र जोडून माहिती साठवणारी व तिच्यातल्या चुका तपासणारी प्रणाली) सर्व्हर चालवता. मांडणी रेडझेड-१ आहे, म्हणजे चारांपैकी कोणतीही एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते. त्यावर घरचे फोटो, जमिनीच्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि दशावताराच्या प्रयोगांची चित्रणे आहेत. पाऊस लागल्यापासून तिसरी डिस्क अधूनमधून पूलमधून (चारही डिस्कांच्या एकत्रित साठ्यातून) बाहेर पडते आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की परत येते. पावसाळ्यात डिस्कच्या आत पाणी शिरते, असा तुमचा अंदाज आहे. दुकानदाराने ती बदलायला सांगितली आहे, पण स्मार्टचा (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या क्रमांकवार नोंदी ठेवते त्या व्यवस्थेचा) अहवाल चारही डिस्कांना ‘पास्ड’ म्हणतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांत तिसऱ्या डिस्कची १९९ क्रमांकाची नोंद १,४१२ आहे आणि तिच्या ५, १९७ व १९८ या नोंदी शून्य आहेत. पहिल्या डिस्कच्या १९७ क्रमांकासमोर मात्र ८ हा आकडा आहे, आणि त्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे.

माझ्या मते तिसरी डिस्क बहुधा धडधाकट आहे आणि खरी काळजी पहिलीची आहे. म्हणून दुकानदाराचा सल्ला तूर्त बाजूला ठेवा. तिसरी डिस्क आज काढून तिच्या जागी नवी बसवली, तर नव्या डिस्कवर माहिती उभी करण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्कांवरचा वापरात असलेला प्रत्येक भाग वाचता यावा लागेल. त्याच वेळी पहिल्या डिस्कवरचे न वाचता येणारे सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे) आडवे आले, तर ती उणीव भरून काढायला चौथा साक्षीदार शिल्लक नसेल. झेडएफएस अशा वेळी सगळा पूल टाकून देत नाही, खराब झालेल्या फाइलींची नावे दाखवते; पण त्या यादीत एखाद्या जुन्या प्रयोगाचे एकमेव चित्रण असेल, तर नाव कळून काही उपयोग नाही. तेव्हा कोणत्याही केबलला हात लावण्यापूर्वी, तिसरी डिस्क पूलमध्ये हजर असताना, जे पुन्हा मिळणार नाही ते सारे एका बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवून घ्या.

‘पास्ड’ या शेऱ्यावर फारसे विसंबू नये. डिस्क बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली एखादी महत्त्वाची नोंद घसरली तरच तो शेरा बदलतो, आणि त्या मर्यादा इतक्या सैल असतात की शेकडो सेक्टर खराब झालेली डिस्कही उत्तीर्ण ठरू शकते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या डिस्कांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांवर स्मार्टच्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिसला नव्हता, असे त्यात आढळले. मात्र डिस्कवर पहिली वाचनचूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत ती निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, हेही त्याच अभ्यासात निघाले. स्मार्टचे मौन हा डिस्क चांगली असल्याचा पुरावा नव्हे, पण ते बोलू लागले की ऐकले पाहिजे. हजारो डिस्का चालवणारी बॅकब्लेझ ही कंपनी ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ या पाच नोंदींकडे लक्ष ठेवते. घरच्या सर्व्हरला त्यांच्या जोडीला १९९ पुरेशी आहे.

आता या नोंदींचा अर्थ पाहू. ५ म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, तर १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत ठेवलेले सेक्टर. दोन्ही गोष्टी तबकडीवर घडतात. १९९ ची गोष्ट वेगळी आहे. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या केबलवरून जाताना माहिती बिघडली आणि तपासणीचा आकडा जुळला नाही, की ही नोंद एकाने वाढते. म्हणजे तुमची तिसरी डिस्क १,४१२ वेळा ‘वाटेत गडबड झाली’ असे सांगते आहे आणि तबकडीबद्दल तिची एकही तक्रार नाही. ही नोंद कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे दुरुस्तीनंतरही १,४१२ दिसतच राहतील. पाहायचे ते एवढेच की आकडा पुढे सरकतो का.

हा अंदाज पक्का करण्याची सर्वांत चांगली चाचणी डिस्कमध्येच आहे. स्मार्टसीटीएल या, स्मार्टच्या नोंदी वाचणाऱ्या आज्ञेने सुरू होणारी दीर्घ स्वयंचाचणी डिस्क स्वतःच्या आत करते. ती सगळी तबकडी वाचते, पण वाचलेली माहिती केबलवरून बाहेर पाठवत नाही. त्यामुळे केबल सडकी असली तरी या चाचणीच्या निकालावर तिचा परिणाम होत नाही. ४ टेराबाइटच्या डिस्कला साधारण आठ तास लागतात, तेव्हा रात्री लावून सकाळी निकाल पाहावा. मध्येच वीज गेली तर चाचणी अर्धवट राहते आणि तसा शेरा येतो. तो डिस्कचा दोष समजू नये. तिसरी डिस्क ही चाचणी निर्विघ्न पार करत असेल आणि तरीही १९९ वाढत असेल, तर दोष वाटेत आहे हे सिद्ध झाले. पहिल्या डिस्कवरही हीच चाचणी लावा. तिथे ‘रीड फेल्युअर’ आणि त्यासोबत सेक्टरचा क्रमांक आला, तर वॉरंटीचा दावा करण्यासाठी तो मजबूत पुरावा ठरतो.

कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नोंदवहीतही हाच फरक दिसतो. डिस्क बाहेर पडली त्या वेळच्या ओळी काढून पाहा. त्यांत ‘आयसीआरसी’ ही अक्षरे आणि मागोमाग लिंक (डिस्क व मदरबोर्ड यांच्यातला संपर्क) पुन्हा जोडल्याच्या ओळी असतील, तर केबल, तिचे टोक किंवा मदरबोर्डवरचे पोर्ट संशयित. ‘यूएनसी’ असेल, तर तबकडीवरचा सेक्टरच वाचता आलेला नाही. दोन्हींपैकी काहीच नसून लिंक अचानक नाहीशी झाली असेल, तर वीजपुरवठ्याकडे वळा. तिथे १२ क्रमांकाची नोंद कामाला येते. डिस्क किती वेळा बंद होऊन चालू झाली ते ती मोजते. एकाच डब्यातल्या चारही डिस्कांची ही नोंद बरोबरीने वाढायला हवी. आज चारही आकडे कागदावर लिहून ठेवा. सर्व्हर एकदाही बंद न करता तिसरीचा आकडा वाढलेला दिसला, तर तिची वीज मध्येच तुटते आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये चार डिस्का बसवताना पुष्कळदा मोलेक्समधून (वीजपुरवठ्याच्या जुन्या पद्धतीच्या टोकातून) साटा (आजच्या डिस्कांना लागणारे टोक) काढणारे जोड लावलेले असतात. त्यांतले साच्यात ओतलेले, तारा बाहेरून न दिसणारे जोड मी कोणालाही ठेवू देत नाही, कारण ते आतल्या आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणे आहेत.

पावसाळ्याचा संबंध तुम्ही बरोबर ओळखला आहे, पण त्याचा अर्थ तुम्ही लावता तसा नाही. पाणी डिस्कच्या आत शिरत नाही. २०१६ साली मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरांमधल्या दहा लाखांहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डिस्क निकामी होण्यावर तापमानापेक्षा सापेक्ष आर्द्रतेचा प्रभाव अधिक दिसला, आणि तो मुख्यतः डिस्कच्या कंट्रोलर व जोडणीतल्या बिघाडांतून दिसला. ही निष्पत्ती किनारपट्टीवरच्या माणसाला नवी वाटणार नाही. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते, खारा वारा दारे-खिडक्यांच्या बिजागऱ्यांनाही सोडत नाही, आणि मिठाचा सूक्ष्म थर दमट हवेतले पाणी स्वतःकडे ओढून घेतो. साटाच्या टोकाला असलेल्या पातळ पट्ट्यांवर असा थर बसला की संपर्क अर्धवट होतो. सर्व्हर बंद-चालू केल्यावर डिस्क ‘बरी’ होते त्याचे कारणही हेच असावे. लिंक नव्याने जुळते आणि काही दिवस टिकते.

आता हात लावायचा तो असा. सर्व्हर पूर्ण बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करा. प्रत्येक डिस्कवरच्या लेबलचा अनुक्रमांक स्मार्टच्या अहवालाशी ताडून पाहा, कारण ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही सिस्टिमने डिस्कांना दिलेली नावे पुढच्या वेळी बदलू शकतात आणि त्यांच्या भरवशावर चुकीची डिस्क काढली जाते. मग तिसऱ्या आणि चौथ्या डिस्कच्या फक्त डेटा केबली आपसात बदला. पोर्ट, वीज, जागा तशीच राहू द्या. झेडएफएस डिस्कांना त्यांच्यावर लिहिलेल्या खुणेवरून ओळखते, त्यामुळे या अदलाबदलीने पूल बिघडत नाही. सर्व्हर चालू झाल्यावर पूलचे जुने चुकांचे आकडे पुसा, तिसरी डिस्क मागे पडलेली माहिती भरून घेईपर्यंत थांबा आणि मग स्क्रब (साठवलेली सगळी माहिती वाचून तपासण्याची झेडएफएसची फेरी) लावा. स्क्रबमुळे साठवलेली सगळी माहिती केबलवरून वाहते, म्हणून वाटेतला दोष लपून राहत नाही. १९९ आता चौथ्या डिस्कवर वाढू लागली, तर केबल गुन्हेगार. ती फेकून द्या, दुसऱ्या कामाला म्हणून ठेवू नका. तिसरीवरच वाढत राहिली, तर पोर्ट बदला आणि तेवढेच तपासा. एकाच वेळी केबल, पोर्ट आणि वीज असे तिन्ही बदलून मोकळे होण्याचा मोह होतो, पण मग दोष कुठे होता ते कळत नाही आणि पुढच्या पावसात तो पुन्हा उभा राहतो. डिस्कच्या बाजूच्या पट्ट्या धूसर दिसत असतील, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पूर्ण सुकू द्या. तेल किंवा ग्रीस लावू नका.

पहिल्या डिस्कवरचे ८ सेक्टर तितके भयंकर नसण्याचीही शक्यता आहे. आजच्या बहुतेक डिस्कांमध्ये प्रत्यक्ष सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ बाइटच्या आठ सेक्टरांसारखा दाखवला जातो, म्हणून अनेक डिस्कांवर ही नोंद आठच्या पटीत वाढते. ८ म्हणजे बहुधा एकच खराब जागा. लिहिता लिहिता वीज गेल्यानेही असे होऊ शकते, आणि आपल्याकडे विजेचा काय भरवसा आहे ते वेगळे सांगायला नको. वरचा स्क्रब चालू असताना ती जागा वापरात असेल, तर झेडएफएस बाकीच्या डिस्कांवरून मजकूर पुन्हा तयार करून तिथे लिहील. त्यानंतर १९७ शून्यावर आली आणि ५ हलली नाही, तर तबकडी ठीक आहे, फक्त लिखाण बिघडले होते. १९७ उतरून ५ वाढली, तर डिस्कने ती जागा कायमची सोडली आहे. एवढ्यावर ती चालू शकते, मात्र दर आठवड्याला नजर ठेवा. काही आठवड्यांत कोणताही आकडा पुन्हा वाढला, तर मी अजिबात वाट पाहणार नाही. बदलताना जुनी डिस्क आधी काढू नका. बोर्डावर पाचवे पोर्ट मोकळे असेल, तर नवी तिथे लावून बदलण्याची आज्ञा द्या, म्हणजे जुनीवरचे जे वाचता येईल तेही कामी येते. नवी डिस्क घेताना ती एसएमआर (माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिण्याच्या) पद्धतीची नाही याची खात्री करा. वेस्टर्न डिजिटलने २०२० साली आपल्या काही रेड डिस्का त्या पद्धतीच्या असल्याचे मान्य केले होते, आणि पूलची पुनर्बांधणी करताना अशा डिस्का फार रखडतात.

दोन गोष्टी थोडक्यात. सीगेटच्या डिस्कांवर १ आणि ७ या नोंदींसमोर कोट्यवधींचे आकडे दिसतात. ते चुकांचे नव्हेत, त्यांत एकूण वाचनांची व हालचालींची मोजणी मिसळलेली असते. आणि झेडपूल या, पूलची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेच्या तक्त्यात चारही डिस्कांसमोर चेकसमच्या (माहितीचा तपासणीचा आकडा न जुळल्याच्या) चुका सारख्या प्रमाणात दिसू लागल्या, तर डिस्कांना दोष न देता रॅम तपासा. त्यासाठी मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवावा.

जागेबद्दल म्हणाल, तर पडवीशेजारची खोली सोडून माजघरातली एखादी आतली भिंत पाहा आणि पावसाळ्यात सर्व्हर आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. चालू यंत्राच्या आतली हवा खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असते, त्यामुळे तिची सापेक्ष आर्द्रता कमी राहते. डिस्क चाळीस अंशांच्या आसपास असेल तर ते तापमान तिला मानवते. पंखा फिरणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून काही साधत नाही, कारण बाहेरची हवा सतत आत येतच असते. बंद कपाटात ठेवलेल्या यूएसबी डिस्कच्या डब्यात मात्र त्या अवश्य ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएसचा वेगळा मोड असेल तर तो निवडा, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यास लागणारा वेळ कमी होतो.

तिसऱ्या डिस्कची स्वयंचाचणी नापास झाली, तर वरचा क्रम उलटतो आणि तुमच्याकडे दोन दुबळ्या डिस्का असल्याचे ठरते. तशा वेळी स्क्रब लावू नका, केबलींची अदलाबदलही करू नका. पूल फक्त वाचनासाठी उघडून उरलेली माहिती बाहेर काढा आणि नंतर पहिली व तिसरी या दोन्ही डिस्कांची डीडीरेस्क्यूने (दुबळ्या डिस्कवरून वाचता येईल तेवढे उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने) नव्या डिस्कांवर नक्कल करून त्या नकलांवरच पूल उभा करण्याचा प्रयत्न करा.