“सर, सगळंच फेक असतं”

तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नव्हता म्हणून आज निवांत बसून लिहितोय. नववीच्या पोरांना बातम्या तपासायला शिकवायचंय आणि पहिल्याच तासासाठी तू फेक न्यूजच्या चाळीस स्लाइड्स केल्यास. मेहनत दिसते. पण खरं सांगू का, त्यातल्या पस्तीस तरी काढून टाक.

मी पण हेच करायचो. तासभर नुसते खोटे फोटो, खोटे व्हिडिओ, हे बघा कसं फसवतात, ते बघा कसं फसवतात, पोरं जाम खूश आणि मलाही वाटायचं काय भारी तास झाला. मग एकदा शेवटी मुद्दाम एक खरी, नीट तपासून छापलेली बातमी दाखवली तर मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, सगळंच फेक असतं.” अख्खा वर्ग हसला, मी सोडून. कारण ते पीक मीच पेरलेलं ना. सगळ्यावर विश्वास ठेवणारा आणि कशावरच न ठेवणारा, दोघंही शोधायचा कंटाळाच करतात, फक्त दुसरा स्वतःला हुशार समजतो म्हणून त्याला वळवणं जास्त अवघड.

म्हणून एकच फोटो घे आणि त्याच्यामागे पूर्ण तास घालव. मी शार्कचा घेतो. पुराचं पाणी भरलेला रस्ता आणि गाडीच्या बाजूने आरामात पोहणारा शार्क. 2011 ला आयरीन चक्रीवादळाच्या वेळी हा प्वेर्तो रिकोचा म्हणून फिरला, 2017 ला हार्वे आलं तर तोच ह्यूस्टनचा झाला. गंमत म्हणजे शार्क खरा आहे! थॉमस पेशाक नावाच्या फोटोग्राफरने दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात काढलेल्या फोटोत तो एका कयाकच्या, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होडीच्या, मागे लागलाय, तिथून कोणीतरी उचलला आणि रस्त्यावर आणून सोडला. पण हे तू सांगायचं नाहीस. रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे फोटो टाकून तो नेटवर आणखी कुठे कुठे आलाय ते शोधायची सोय, उघडून द्यायचं आणि सगळ्यात जुनी तारीख कोण काढतंय ते बघत बसायचं. सुरुवातीला गोंधळ होईल, होऊ दे. मग कोणीतरी ओरडेल “अरे हा तर 2011 चा आहे!” त्या ओरडण्याची सर चाळीस स्लाइड्सना नाही.

आता एक गोष्ट जरा उलटी वाटेल. आपण पोरांना कायम सांगतो, नीट वाच, शेवटपर्यंत वाच. अनोळखी वेबसाइटच्या बाबतीत हाच सल्ला गोत्यात आणतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 च्या अभ्यासात 10 फॅक्ट-चेकर (बातम्या तपासणं हेच ज्यांचं काम), 10 इतिहासकार आणि स्टॅनफर्डचेच 25 विद्यार्थी यांना काही साइट्स तपासायला दिल्या. इतिहासकार म्हणजे आयुष्यभर कागदपत्रं चाळणारी माणसं, पण त्यातले बरेच आणि विद्यार्थीही लोगो, चकचकीत डिझाइन, डोमेनचं नाव असल्याच गोष्टींवर गेले. फॅक्ट-चेकर मात्र साइटवर नजर टाकून लगेच बाहेर, नवीन टॅबमध्ये, ही संस्था कोणाची, हिच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात. कमी वेळात जास्त बरोबर. स्वतःबद्दल कोण वाईट लिहिणार सांग! आणि साइटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट ओआरजी बघून भाव देऊ नका हेही सांग, ते कोणीही विकत घेऊ शकतं.

खोटा मजकूर बॉट, म्हणजे आपोआप पोस्ट टाकणारी प्रोग्रामवाली खाती, पसरवतात, आपला काय संबंध, असं एखादं पोरगं म्हणेलच. 2018 ला ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातल्या लोकांचा अभ्यास आला होता, ट्विटरवरच्या 2006 ते 2017 मधल्या सव्वा लाखाच्या आसपास गोष्टी तपासलेल्या, खोटं खऱ्यापेक्षा लांब आणि लवकर पोचत होतं, आणि बॉट वगळून बघितलं तरी तेच. म्हणजे माणसंच. इथे स्वतःचा किस्सा सांग, तुझा नसेल तर माझा घे: एका आजाराची बातमी मी घाबरून अख्ख्या फॅमिली ग्रुपवर टाकली, बातमी खरीच होती, फक्त चार वर्षं जुनी. तारीख बघितलीच नव्हती. पोरांना हा किस्सा बाकी सगळ्यापेक्षा जास्त लक्षात राहतो, का ते विचारू नकोस.

आणि दर तासाला निम्म्या बातम्या खऱ्या ठेव, किती ते आधी सांगायचं नाही. “कशावरून खरी?” हे पण तेवढंच घासून विचारायचं. पेपरने छापलेली चूक-दुरुस्ती दाखव एकदा, पोरं म्हणतील बघा हे चुकतात. तिथे थांब आणि विचार, चूक झाल्यावर गुपचूप पोस्ट उडवणारे किती जण माहितीयत तुम्हाला? जाहिरात कुठली, अग्रलेख कुठला, बातमी कुठली वगैरे पुढच्या आठवड्यात घे, ते सोपं आहे.

शार्कचा फोटो सोबत पाठवतोय. ओरिजिनल नाही पाठवत, पोरांच्या आधी तो तूच शोधून काढ, आणि किती मिनिटं लागली ते मला कळव.