किल्ली देण्याआधी छत्री उतरवा

बेळगावच्या वडगावातल्या एका भाडेकरूने प्रश्न पाठवला आहे. दुसऱ्या मजल्यावरचे घर, भाडे महिना ८,५०० रुपये, डिपॉझिट ५० हजार. अकरा महिन्यांचा करार गेल्या वर्षी संपला, नवा केला नाही, भाडे मात्र चालू आहे. गच्चीवर डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट उपग्रह सेवेची, छत्री आहे. ती बसवण्याआधी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले होते. उत्तर आले, "चालेल, पण स्लॅबला भोक पाडू नका." फिटरने चार भोके पाडली. यंदाच्या पावसात हॉलच्या छताला ओल आली, तिचा फोटो यांनी स्वतःच मालकांना पाठवला. आता मालकांच्या वकिलांची नोटीस आली आहे: दहा दिवसांत घर सोडा, वॉटरप्रूफिंगचे ४५ हजार डिपॉझिटमधून कापून घेऊ, छत्रीला हात लावू नका. अनगोळात नवे घर ठरले आहे, पण तिथले मालक छत्रीला अजून हो म्हणालेले नाहीत. म्हणून यांचा बेत असा, की किल्ली देऊन टाकावी आणि छत्री सध्या जुन्या गच्चीवरच राहू द्यावी.

हा बेत सोडा. बाकी सगळ्या मुद्द्यांवर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, या एका मुद्द्यावर नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये 'एच' हे पोटकलम आहे. भाडेकरूने घराला जोडलेली वस्तू त्याला काढून नेता येते. भाडे संपल्यानंतरही नेता येते, पण ताबा त्याच्याकडे असेपर्यंतच. ताबा गेला की हा हक्क गेला. शिवाय नेताना घर मिळाले तसे परत करायचे. कराराने वेगळे ठरवले असेल तर करार चालतो, म्हणून तुमच्या कराराचे फोटो नीट पाहिले. नवव्या कलमात लेखी परवानगीशिवाय भिंत, छत, वायरिंग यांत फेरफार करू नये आणि केल्यास पूर्ववत करून द्यावे एवढेच आहे. बसवलेली वस्तू मालकाची होईल असे कुठेही नाही. म्हणजे 'एच' तुमच्या बाजूने उभे आहे, मात्र किल्ली तुमच्या खिशात असेपर्यंतच.

छत्री ही मुळात चल वस्तू, ती कायमची इमारतीचा भाग होत नाही, तेव्हा ताबा सोडल्यावरही ती तुमचीच राहते, असा युक्तिवाद करता येतो आणि तो वाईटही नाही. पण छत्री तुमची असली तरी जिना मालकांचा. परवानगीशिवाय वर गेलात तर उलट तक्रार तुमच्यावर होईल. हजार-दोन हजारांच्या वस्तूसाठी दिवाणी दावा लावून समन्स, कैफियत आणि तारखा यांच्या मागे फिरायचे असेल तर खुशाल फिरा. निकाल लागेपर्यंत छत्रीचा पत्रा उरणार नाही.

गच्ची तुमच्या भाड्यात होती का, हा पुढचा प्रश्न. करारातल्या मिळकतीच्या वर्णनात हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, न्हाणीघर एवढेच आहे. मग गच्चीवर तुम्हाला होती ती नुसती मुभा. मुभा मालकांना बहुधा केव्हाही काढून घेता येते, पण सुविधाधिकार कायदा, १८८२ चे कलम ६३ सांगते की ती काढून घेतल्यावर सामान हलवायला वाजवी वेळ द्यावाच लागतो. (हा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला, तेव्हा बेळगाव त्याच इलाख्यात होते. त्यामुळे इथे तो चालतो का, हा प्रश्न कोणी काढू नये.) 'हात लावू नका' हे नोटिशीतले वाक्य म्हणूनच टिकण्यासारखे वाटत नाही. पण गच्चीला कुलूप घातले असेल तर ते फोडू नका. दिवस आणि वेळ कळवणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

दहा दिवसांच्या मुदतीचे. महिना साडेतीन हजारांच्या वर भाडे असलेल्या घरांना कर्नाटक भाडे कायदा, १९९९ लागू नाही. लहान गावांत ही मर्यादा दोन हजार आहे. तेव्हा तुमचे प्रकरण पुन्हा १८८२ च्या कायद्यात. करार संपूनही मालक भाडे घेत राहिले, त्यामुळे तुम्ही महिन्याच्या बोलीवरचे भाडेकरू ठरता आणि कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस लागते. नोटीस पाच दिवसांनी कमी आहे म्हणून हुरळून जाऊ नका. पंधरा दिवस उलटल्यावर दावा लावला तर केवळ मुदत कमी होती म्हणून नोटीस रद्द होत नाही, असे त्याच कलमात आता स्पष्ट लिहिले आहे. कोल्हापूरच्या मेहुण्याने पाठवलेला 'लीव्ह अँड लायसन्स'चा मजकूर बाजूला ठेवा. तो महाराष्ट्राच्या भाडे कायद्याचा आहे, बेळगावात त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता भोके. इथे तुमची बाजू लंगडी आहे आणि ती तुम्हीच केली आहे. मालकांनी लेखी होकार दिला होता, अट एकच घातली होती आणि ती फिटरला सांगायची राहिली. फिटर तुम्ही आणलात, तेव्हा त्याचे काम तुमच्या माथी. तरीही चार भोकांची भरपाई म्हणजे अख्ख्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्हे. करार कायद्याच्या कलम ७३ आणि ७४ खाली प्रत्यक्ष आणि वाजवी नुकसान मिळते. जुना कोबा नवा करून घ्यायची ती संधी नाही. ओल भोकांमुळेच आली हे दाखवायचे काम मालकांचे. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत छत्री गच्चीच्या मधोमध आहे आणि ओल कोपऱ्यात, पावसाच्या पाण्याच्या पाइपाशेजारी. हे अंतर टेपने मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा. कोब्याखालून पाणी लांबवर सरकते हेही खरे, त्यामुळे नुसत्या अंतरावर विसंबू नका.

पुरावा चाचणीने होतो. छत्री काढल्यावर अँकर बोल्ट उपसून घ्या. निघत नसतील तर पृष्ठभागाच्या खाली कापा. भोकातली धूळ फुंकून, ब्रशने काढा. धूळ राहिली तर भरलेला माल धरत नाही. मग नॉन-श्रिंक (न आकसणारे) ग्राउट किंवा इपॉक्सी तळापर्यंत भरा. नुसते पांढरे सिमेंट चोपडून येणारे गवंडी असतात, त्यांना दारातूनच परत पाठवा, ते पहिल्याच उन्हाळ्यात फाटते. माल सुकल्यावर भोकांभोवती फूटभर जागेत वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात द्या. मग विटा आणि मातीचा बांध घालून तेवढ्याच भागात इंच-दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास साचवा आणि खालून छत पाहा. भोकांचा भाग कोरडा आणि कोपरा तरीही ओला, तर ४५ हजारांच्या मागणीत फारसा दम उरत नाही. ही चाचणी उघडीप असताना, मालकांना आधी कळवून, शक्यतो त्यांच्यासमोर करा. ते आले नाहीत तर कळवल्याचा मेसेज राहील. गवंड्याची सहीची पावती घ्या. मालासकट खर्च किती आला हे त्या पावतीवरच ठरेल.

मालकांचे ते व्हॉट्सअ‍ॅप उत्तर ज्या फोनवर आहे तो विकू नका, रीसेट करू नका. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा मजकुरासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपे जाते. स्क्रीनशॉट घेऊन फोन एक्स्चेंजमध्ये देणारे दर महिन्याला भेटतात.

किल्ली देण्याच्या दिवशी एक साधा कागद करा: तारीख, मीटरचे रीडिंग, छत्री आणि केबल काढली, भोके भरली, किल्ल्या किती दिल्या, डिपॉझिट किती बाकी. दोघांच्या सह्या. मालक सही देत नसतील तर तोच मजकूर त्यांच्यासमोर उभे राहून पाठवा. डिपॉझिट मिळेपर्यंत घर अडवून बसायचा सल्ला तुम्हाला कोणी देईलच. नोटिशीनंतर अडवलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे तुमच्याकडून मागितले जातील, आणि तेही त्याच ५० हजारांतून. डिपॉझिटसाठी दाव्याची मुदत तीन वर्षे आहे, तेवढी घाई नाही. त्याआधी कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाव्यापूर्वीच्या तडजोडीचा अर्ज टाका. मालकांना बोलावणे जाते, आणि अशा रकमांचे वाद तिथे मिटण्याची शक्यता कोर्टापेक्षा जास्त.

फुकट दूरदर्शन हा सरकारी हक्क, मालक अडवू शकत नाहीत, असेही तुम्ही लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हवेतल्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत असे म्हटले ते खरे. तुमच्या मालकांच्या गच्चीबद्दल मात्र काही म्हटलेले नाही. आणि माळ्यावरचा जुना काड्यांचा अँटेना नव्या घरी चालेल का, तर नाही. दूरदर्शनने जमिनीवरचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद केले. २०१६ मध्ये ज्या सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण आले त्यांत मुंबई आणि बंगळूर होती, बेळगाव नव्हते. तिथले सिग्नल चार-पाचशे किलोमीटर येत नाहीत. खानापूर किंवा निपाणीत अजून कोणी तो अँटेना विकत असेल तर पैसे वाया घालवू नका.

राहिली अनगोळची छत्री. तिथले मालक कशाला घाबरतात हे उघड आहे, तेव्हा भोकाविना बसवतो असे सांगा आणि तसेच करा. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. बेळगावातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १२८ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर येतो. होकायंत्र लोखंडी कठड्यापासून लांब धरून पाहा, नाहीतर दिशा चुकते. छत्रीचा चेहरा उपग्रहापेक्षा बराच खाली पाहतोय असे वाटेल. आपल्याकडच्या छत्र्यांची रचनाच तशी असते. आग्नेयेची बाल्कनी असेल तर गच्चीची गरजच नाही, मात्र वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो. छत्रीपासून तो स्लॅब पावणेदोन मीटर उंच असेल तर त्याच्या कडेपासून छत्री मीटरभरापेक्षा आत नको, म्हणजे कठड्यालाच चिकटून.

गच्चीवर ठेवायची तर रंगाच्या डब्यात काँक्रीट ओतून दांडा रोवायची पद्धत टाळा. वीस लिटरचा डबा ४५ किलोंच्या वर भरतो खरा, पण बूड अरुंद, वादळी वाऱ्यात उलटतो. दोन फूट चौरसाची अँगलची फ्रेम करा, खाली रबरी मॅट घाला, चारही कोपऱ्यांवर एकेक सहा इंची सॉलिड ब्लॉक ठेवा. एक ब्लॉक साधारण २५ किलोंचा, म्हणजे एकूण शंभर किलो. साठ सेंटिमीटरच्या छत्रीला पुरे. केबल आरजी-६ घ्या, खिडकीशी येताना तिला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून टपकते, आत येत नाही. चौकटीला भोक न पाडता फटीतून जाणारी चपटी केबल मिळते, ती वापरा. मुसळधार पावसात चित्र काही मिनिटे जाईल. तेवढ्यासाठी फिटरला बोलावून छत्री पुन्हा हलवू नका.

हे सगळे करारात एका वाक्यात घाला: "भाडेकरूस साठ सेंटिमीटर व्यासाची एक छत्री, स्लॅब किंवा भिंतीला भोक न पाडता, गच्चीवर वजनावर उभी करण्याची मुभा आहे, ती भाडेकरूची चल मालमत्ता राहील, आणि ताबा परत दिल्यापासून सात दिवसांत ती नेण्यासाठी त्यास गच्चीवर प्रवेश मिळेल." शेवटच्या सात दिवसांमुळे आजची अडचण पुन्हा येणार नाही. मालक सात दिवसांना नाही म्हणाले तर तीनवर या, पण तो भाग गाळू देऊ नका. टोकन देण्याआधी मागा. नंतर मागितलेली सवलत क्वचितच मिळते. टायपिस्टचा नमुना बहुधा कन्नडमध्ये असेल. वाचता येत नसेल तर कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडून सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचून घ्या. "मला कन्नड येत नव्हते" हे कारण सही केल्यानंतर कोर्ट सहसा ऐकत नाही, आणि मागच्या कराराचे नववे कलम तुम्हाला नोटीस आल्यावरच कळले, हे तुमच्या पत्रावरून दिसते.