घरचे गिऱ्हाईक आणि गॅरेजमधली मस्टँग

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वाचक भगिनींनी पत्र पाठवले आहे. त्यांच्या यजमानांनी 1991 साली घेतलेली, 1965 ची फोर्ड मस्टँग त्यांनी अखेरपर्यंत जिवापाड सांभाळली. यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली आणि तेव्हापासून गाडी गॅरेजमध्ये चादरीखाली उभी आहे. सिअ‍ॅटलचा मुलगा म्हणतो, "बाबांची आठवण आहे, विकू नकोस." दर रविवारी यजमानांबरोबर गाडीच्या पोटाखाली शिरणारे त्यांचे एक मित्र, ज्यांना ताई भाऊजी म्हणतात, दहा हजार डॉलर द्यायला तयार आहेत, तर भाचा लाख डॉलरच्या गोष्टी करतो आहे. "विकली तर मी निष्ठुर ठरेन का, आणि भाऊजींना नाही कसे म्हणू?" असे त्या विचारतात. डॅशबोर्डवर चिकटवलेल्या छोट्या गणपतीचे काय करायचे, हे ताजा कलममध्ये आहे.

प्रिय ताई,

कारखान्याने गाडीच्या पत्र्यावर ठोकलेल्या नंबराची (नंबरप्लेटच्या नव्हे) सुरुवातीची अक्षरे तुम्ही पत्रात उतरवून पाठवलीत, हे फार बरे केलेत. 5 टी 07 सी. यातला 5 म्हणजे 1965, 07 म्हणजे दोन दारांची, पक्क्या छताची गाडी आणि सी म्हणजे 289 घनइंची, दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचे व्ही-8 इंजिन. मधला टी म्हणजे मेटचनचा कारखाना. त्याचे नाव मेटचन असले, तरी तो उभा होता तुमच्या एडिसनमध्येच, रूट 1 वर, आणि 2004 मध्ये बंद होईपर्यंत तुम्ही त्याच्यावरून शेकडो वेळा गेला असाल. तुमची गाडी गावचीच लेक आहे. जाहिरातीत ही गोष्ट अवश्य लिहा, कारण न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकाला तिचे अप्रूप असते.

आता भाच्याच्या लाखाविषयी. मस्टँग 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आली, तेव्हा तिची मूळ किंमत 2,368 डॉलर होती, आणि दोन वर्षे पुरी होण्याआधीच, मार्च 1966 मध्ये, दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे ही गाडी देखणी आहे, पण दुर्मीळ नाही. लाखांच्या बातम्या येतात त्या शेल्बीसारख्या, म्हणजे शर्यतीच्या धर्तीवर खास घडवलेल्या मोजक्या मस्टँगच्या. पक्क्या छताच्या गाडीला उघड्या छताच्या किंवा उतरत्या पाठीच्या गाडीएवढा भाव येत नाही, मात्र सहा सिलिंडरच्या बहिणीपेक्षा तुमच्या व्ही-8 ला तो नक्कीच चढा मिळतो. तरीही, तुम्ही वर्णन करता तशी ती निगुतीने ठेवलेली असेल, तर दहा हजार मला कमी वाटतात.

हे "वाटणे" तुमच्या उपयोगाचे नाही. जुन्या गाड्यांचे मूल्यमापन करणारा, या व्यवहारात कसलाही हितसंबंध नसलेला माणूस पैसे देऊन बोलवा आणि त्याच्याकडून लेखी अहवाल घ्या. यजमान गेले त्या दिवशीची किंमतही त्यात लिहून मागा, कारण वारशाने आलेल्या वस्तूवरचा कर साधारणपणे त्या दिवसाच्या किमतीपासून मोजला जातो; तुमच्या हिशेबनीसाला तो कागद लागेल. गाडी फक्त यजमानांच्या नावावर असेल, तर आधी काउंटीच्या सरोगेट कार्यालयातून, म्हणजे मृत्युपत्र आणि वारशाची कामे पाहणाऱ्या कचेरीतून, आवश्यक ते पत्र मिळवा आणि मालकीचा कागद मार्गी लावा.

अहवाल हातात आला की भाऊजींना चहाला बोलवा. त्यांच्या रविवारांचे मोल आहे, ते मी कमी लेखत नाही. परंतु ते फेडायचे असेल तर आकडा उघड ठेवून फेडा. "बाजारभाव इतका आहे, तुमच्यासाठी मी इतके कमी करते," असे तुम्ही म्हणालात, तर तो तुमचा दिलदारपणा होईल. न सांगता दहा हजारांत गाडी गेली आणि पुढल्या वर्षी ती दुप्पट भावाने विकल्याचे तुमच्या कानावर आले, तर इतक्या वर्षांचा घरोबा एका दुपारी संपेल. भाऊजी सज्जन असतील तर त्यांनाही हा हिशेब समोर असलेला आवडेल. नसतील, तर तेही चहा संपेपर्यंत कळेल.

मुलाचे बोलणे मला समजते, पण त्याची आठवण सांभाळण्याचा भार सध्या तुमच्या गॅरेजवर आहे. माझ्या सासऱ्यांची लॅम्ब्रेटा आम्ही दादरला जिन्याखाली अकरा वर्षे "आठवण म्हणून" ठेवली होती. शेवटी भंगारवाल्याने ती किलोवर नेली, आणि त्या दिवशी सर्वांत मोठ्याने हळहळले ते दीर, ज्यांनी तिला एकदाही फडके लावले नव्हते. मुलाला सरळ विचारा की सिअ‍ॅटलमध्ये गाडीला बंदिस्त जागा आहे का, तिचा विमा कोण भरेल आणि महिन्यातून दोनदा ती कोण चालवेल. उत्तरे मिळाली तर गाडी आनंदाने त्याच्याकडे पाठवा. दिवाळीपर्यंत मिळाली नाहीत, तर विका आणि त्याला तसे आधीच सांगून ठेवा. नातू ती कॉलेजला नेईल, हा विचार मात्र मनातून काढून टाका. त्या काळच्या मस्टँगच्या ब्रेकला तेलाची एकच वाट असते आणि ती कुठेही गळली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. नवशिक्याच्या हाती देण्याची ती वस्तू नव्हे.

दोन वर्षे उभी असलेली गाडी स्वतः सुरू करू नका, भाऊजींनाही करू देऊ नका. टाकीतले इथेनॉलमिश्रित पेट्रोल आता कामाचे राहिलेले नाही, जुने रबरी पाइप तडकलेले असू शकतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर गाडीबरोबर गॅरेजही जाईल. मेकॅनिककडून टाकी रिकामी करून घ्या, पाइप बदलून घ्या आणि त्यालाच एक पाण्याची परीक्षा घ्यायला सांगा. पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या मागे, हवा आत घेण्याच्या बारीक फटी आहेत. त्यांत तांब्याभर पाणी हळूहळू ओतायचे आणि आत पुढच्या दोन्ही बाजूंच्या गालिच्याखाली हात घालून बघायचा. हात ओला झाला तर आतला पत्रा गंजलेला आहे असे समजा. या गाड्यांचे हे जुने दुखणे आहे आणि जाणकार गिऱ्हाईक पहिल्या पाच मिनिटांत तिथेच वाकते. दोष निघाला तर स्वतःहून सांगा, झाकायला नवा रंग मात्र देऊ नका. ताज्या रंगाखाली काय लपवले आहे, या शंकेनेच भाव उतरतो.

यजमानांच्या ज्या वहीचा तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे, ती माझ्या मते या सौद्यातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. "कार्ब्युरेटर उघडला, फ्लोट बदलला, तरीही धूर" अशा नोंदी तारखेसह आणि पावत्यांसह असतील, तर गाडी कशी ठेवली होती हे तुम्हाला तोंडाने सांगावे लागणार नाही. वही मराठीत आहे, म्हणून चार संध्याकाळी बसून तिचे इंग्रजी करा. मुलाला फोनवर घेऊन केलेत तर अधिक बरे, कारण हे काम त्याच्या वाट्याचेही आहे. मूळ वही गाडीबरोबर जाऊ द्या आणि प्रत त्याला द्या.

गिऱ्हाइकाचा चेक कितीही खरा दिसला, तरी त्याच्याच बँकेत जाऊन रक्कम तुमच्या खात्यात येईपर्यंत मालकीच्या कागदावर सही करू नका. नंबरप्लेट काढून घ्यायला विसरू नका.

आणि गणपती. तो ओढून काढू नका, साठ वर्षांचे डॅशबोर्डचे आवरण त्याबरोबर फाटून येईल. केस वाळवायच्या यंत्राने दुरून मिनिटभर ऊब द्या, मग दात साफ करायचा दोरा मूर्तीच्या तळाखालून करवतीसारखा अलगद ओढत न्या. सुटला तर देवघरात ठेवा. नाहीच सुटला तर राहू द्या, आणि तो तिथे कोणी बसवला ते घेणाऱ्याला सांगा.