मूत्राशयातलं इंजेक्शन: सुईचं भय सोडा, नळीचं आधी शिकून घ्या

पत्र: “वय 54, शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून लघवीला लागली की थोपवताच येत नाही. बाथरूम गाठेपर्यंत कपडे ओले होतात. रात्री चार वेळा उठते. मधुमेह आहे. सोलिफेनासिनच्या गोळीने तोंडाला कोरड पडली, मिराबेग्रॉनच्या गोळीने काही फरक पडला नाही. आता डॉक्टर मूत्राशयात बोटॉक्स घ्या म्हणतात. जाऊबाई म्हणतात, ते तर विष! यजमानांना अजून बोलले नाही. काय करू?”

ताई, दोन वर्षं तुम्ही हे एकटीने सोसलंत, याचं वाईट वाटतं. या त्रासात लाजण्यासारखं काही नाही.

जाऊबाई खोटं बोलत नाहीत. ते जिवाणूपासून मिळणारं विषच आहे, पण इथे ते अगदी मोजून देतात. तुमच्या मूत्राशयाचा स्नायू पिशवी भरण्याआधीच आवळतो. नसेकडून त्याला जाणारा आवळण्याचा निरोप हे औषध अडवतं. तुमच्यासारख्या त्रासाला 100 युनिट देतात. ते 10 मिली सलाइनमध्ये मिसळून साधारण 20 ठिकाणी, दर ठिकाणी अर्धा मिली, असं टोचतात. मणक्याच्या इजेमुळे ज्यांचं मूत्राशय बिघडलंय त्यांना 200 युनिट लागतात, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना करू नका.

आधी पिशवीत भूल देणारं औषध सोडून वीसेक मिनिटं थांबतात, मग दुर्बीण घालतात. चिमटे काढल्यासारखं जाणवतं. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. एकदोन दिवस जळजळ आणि किंचित गुलाबी लघवी चालते. गुण यायला काही दिवसांपासून दोन आठवडे लागतात आणि तो साधारण सहा ते नऊ महिने टिकतो. मग पुन्हा घ्यावं लागतं, पण दोन वेळांमध्ये किमान 12 आठवडे हवेत.

खरी अडचण पुढे आहे. स्नायू गरजेपेक्षा जास्त सैल पडला तर लघवी तुंबते. चाचण्यांमध्ये शंभरातल्या सहा-सात जणांना काही काळ नळीने लघवी काढावी लागली, आणि मधुमेह असलेल्यांना हा धोका जास्त असतो. म्हणून होकार देण्याआधी, इंजेक्शननंतर नव्हे, नर्सकडून नळी घालायला शिकून घ्या. हात धुवा, एक पाय कमोडवर ठेवा, समोर आरसा धरा. लघवीचं छिद्र योनीमार्गाच्या जरा वर असतं. तिथून नळी चार-पाच सेंटिमीटर आत गेली की लघवी येते. मग आणखी थोडी सरकवा आणि धार थांबेपर्यंत धरा. सुरुवातीला नळी योनीत जाणं अगदी नेहमीचं आहे. तसं झालं तर ती खूण म्हणून तिथेच राहू द्या आणि नवी नळी घेऊन तिच्या वर प्रयत्न करा. हे आपल्याला जमणारच नाही असं वाटलं तर डॉक्टरांना आधीच सांगा.

दोन आठवड्यांनी लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीने तपासून घ्याच. सतत थेंब-थेंब गळायला लागलं की इंजेक्शन लागू पडलं नाही असं वाटतं, प्रत्यक्षात पिशवी भरून ओसंडत असू शकते. तसं झालं, ओटीपोट जड वाटलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट इस्पितळ गाठा, मग इंजेक्शनला काही आठवडे झालेले असले तरी.

त्याआधी एक काम घरीच करा. तीन दिवस मापाच्या भांड्यात प्रत्येक वेळची लघवी मोजा आणि वेळेसह वहीत लिहा. साखर चढलेली असेल तरी लघवी वाढते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तर साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. तुमच्या चिठ्ठीत यातली एखादी असेल तर मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकून कमजोर होण्याचा आजार, असेल तर हे इंजेक्शन नको. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत थांबायचं.

संसर्ग नसेल, पिशवी नीट रिकामी होत असेल आणि नळी जमत असेल, तर आमच्या मते घ्यावं. यजमानांना सांगा, त्या दिवशी घरी न्यायला आणि पुढे गरज पडली तर धीर द्यायला कुणीतरी हवंच. तारीख दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या एकदोन दिवसांतली मागा, म्हणजे शाळा सुरू होईपर्यंत पंधरवड्याची तपासणी उरकलेली असेल.